‘आगळ प्यायल्याने अंगातल्या वाफा थांबतात’ या संदेशाबाबत खुलासा

रजोनिवृत्तीत येणाऱ्या गरम वाफा म्हणजे अंगात साठलेली उष्णता असून, मासे सोडून रोज कोकमाचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस) प्यायल्यास त्या कायमच्या थांबतात, असा संदेश रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरत आहे. तो चुकीचा आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्याने मेंदूतील तापमान-नियंत्रण केंद्र किंचितशा उष्णतेनेही बिथरते, म्हणून माजघरात बसल्या बसल्या चेहरा तापतो, मानेवरून घाम ओघळतो आणि बहुधा १ ते ५ मिनिटांत अंग गार पडते. आगळात मीठ भरपूर असते, त्यामुळे रक्तदाब असलेल्या बायकांना ते रोज पिणे अपायकारकच ठरेल. मासे सोडण्याचे कारण नाही. सुती कपडे, पंखा यांनी थोडा आराम मिळतो. रात्रीची झोप मोडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे संप्रेरकांची व इतर औषधे आहेत. पाळी थांबून १२ महिने उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र तपासणी लांबवू नये.