चौथ्या दिवशी दुखणं वाढलं तर त्याला गॅस म्हणू नका

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि माहेरच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात तोच मेसेज आला. दुर्बिणीतून पित्ताशय काढणं दात काढण्याइतकं सोपं. चांगल्या हॉस्पिटलात गुंतागुंत होतच नाही, झाली तर तो डॉक्टरांचा हलगर्जीपणा. घरी आल्यावर पोट आणि खांदा दुखतो तो गॅसमुळे, ओवा खा, पडून राहा. आणि जो मनाने खंबीर, तो कशातूनही वाचतो. शेजारच्या काकूंचं हेच ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. त्यांच्या मुलाने त्यांना हा मेसेज वाचून दाखवला, म्हणून लिहायला बसले. माझंही हेच ऑपरेशन झालं आणि त्यानंतर मी नऊ दिवस आयसीयूत होते.

गॅसपासून सुरू करते, कारण माझा जीव तिथेच जायचा राहिला. हे विधान अर्धं खरं आहे आणि म्हणूनच धोक्याचं. दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने पोट आणि छाती यांच्यामधला पडदा चिडतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून कळ खांद्यात उठते. पण ही कळ दोन-तीन दिवसांत ओसरत जाते. माझं उलटं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी वरणभात जेवले, चौथ्या दिवशी पोट तट्ट फुगलं आणि पाणीही पोटात ठरेना. ताप नव्हता, म्हणून घरचे मायेने ओवा देत राहिले आणि मीही घेत राहिले. पाचव्या रात्री ओझरहून धाकटी जाऊ आली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, हात किती गार पडलाय! आणि बोलताना धाप का लागतेय?" मी काहीतरी भलतंच बोलले म्हणे, मला आठवत नाही. तिने कुणाला न विचारता १०८ ला फोन लावला.

पित्ताशयाच्या देठाला लावलेल्या क्लिपपाशी पित्त पोटात झिरपत होतं आणि संसर्गाचं सेप्सिस झालं होतं, म्हणजे संसर्गाशी झगडताना शरीराचे अवयवच बिघडायला लागले होते. पोटात नळी घालून ते पित्त बाहेर काढलं, नंतर तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे पित्त नीट वाहावं म्हणून बारीक नळी, बसवला. सेप्सिसची शंका घेताना डॉक्टर इतर तपासण्यांबरोबर या तीन गोष्टीही पाहतात: श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, बोलण्यात किंवा शुद्धीत फरक. या तिन्हींत ताप नाही.

चांगल्या हॉस्पिटलात गुंतागुंत होत नाही, हेही खरं नाही. या ऑपरेशनात मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण साधारण हजारात तीन ते पाच धरतात. आणखी एक गोष्ट मला बरी झाल्यावर कळली. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या ८४,७३० शस्त्रक्रियांचा अभ्यास आला होता. (त्यात मोठमोठी ऑपरेशनंही होती, तेव्हा त्यातले टक्के कुणी स्वतःला लावू नयेत.) सर्वांत कमी मृत्यू होणाऱ्या आणि सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्या हॉस्पिटलांत गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, दोन्हीकडे २४ ते २७ टक्क्यांच्या दरम्यान. पण गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या ठिकाणी १२.५ टक्के दगावले, दुसऱ्या ठिकाणी २१.४ टक्के. म्हणजे बिघाड दोन्हीकडे झाला, तो झाल्यावर पुढे काय झालं यात फरक पडला.

हलगर्जीपणाचं म्हणाल, तर गुंतागुंत झाली एवढ्यावरून तो ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जननी काय झालं ते मला स्वतः, न लपवता सांगितलं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे आणि तो अजून गेलेला नाही. चौथ्या दिवशी आम्ही फोन केला तेव्हा रिसेप्शनवरून उत्तर आलं, "डॉक्टर ओपीडीत आहेत, गॅसची गोळी द्या." डॉक्टरांपर्यंत निरोप गेलाच नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘त्रास झाल्यास दाखवणे’ एवढंच होतं. कोणता त्रास, रात्री कुणाला दाखवायचं, काही नाही. अशा वेळी उपचारांचे कागद हाताशी हवेत. डॉक्टरांच्या वागणुकीसाठी भारतीय वैद्यक परिषदेने केलेल्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला ते द्यावे लागतात.

खंबीर मनाचं काय सांगू? माझ्या पलीकडच्या खाटेवर सिन्नरकडचे एक आजोबा होते. माझ्यापेक्षा कितीतरी धीराचे, मलाच धीर द्यायचे. ते गेले. मी वाचले ते जावेने वेळेवर हात धरला म्हणून. आजोबांचं मन कमी पडलं, असं त्यांच्या घरच्यांच्या कानावर कुणी घालू नये.

काकूंनी ऑपरेशन टाळावं असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांना वारंवार कळा येतात, आणि खडा सरकून स्वादुपिंडाला सूज आली तर ते दुखणं फार वाईट. काल त्यांच्या मुलाला कागदावर लिहून दिलं: डिस्चार्जच्या आधी रात्रीचा फोन नंबर घे, तो तिथेच लावून पाहा. दुखणं रोज कमी होतंय का ते विचार. पोट फुगलं, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर सकाळची वाट पाहू नकोस. आणि पहिला आठवडाभर आई झोपली असताना घड्याळ लावून तिचा श्वास पूर्ण मिनिटभर मोज.