‘द विचर’चा पहिला सीझन झेपला नाही? साल न सांगणाऱ्यांना विचारा

‘द विचर’ ही फँटसी मालिका, विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा. तिचा पहिला सीझन नेटफ्लिक्सवर 20 डिसेंबर 2019 ला आला. आठ भाग, प्रत्येक साधारण तासाभराचा. चौथ्या सीझनमध्ये नायकाचा नट बदलला, तेव्हापासून बरेच जण पुन्हा पहिल्यापासून बघायला बसलेत. लातूरच्या क्लासवाल्या पोरांच्या होस्टेलात विचारा नाहीतर संभाजीनगरात टपरीवर, ऐकू येतं तेच. “दोन भाग बघितले, काहीच झेपेना, दिलं सोडून.” त्याला जोडून, “आपल्याकडच्या माणसाला हे फँटसी-बिंटसी जमतच नाही बा.”

पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं साफ चूक. (खाली चौथ्या भागापर्यंतची कथा फोडली आहे. कोरं बघायचं असेल तर आधी बघून या.)

न झेपण्याचं कारण राक्षस नाहीत, जादू नाही, अवघड नावंही नाहीत. कारण एकच, साल. पडद्यावर तीन माणसांच्या (विचर गेराल्ट, जादूगारीण येनेफर, राजकन्या सिरी) तीन कथा एकाआड एक येतात आणि तिन्ही वेगवेगळ्या काळात घडतात. पण काळ बदलला हे कुणी सांगतच नाही. खाली तारीख येत नाही, रंग बदलत नाही, निवेदक तर नाहीच. गेराल्टची ब्लाविकेनची कथा 1231 सालची. सिरीचं राज्य सिंट्रा बुडतं 1263 मध्ये. म्हणजे एकाच पहिल्या भागात 32 वर्षांचं अंतर. दुसऱ्या भागात येनेफर येते, ती 1206 पासून. गेराल्ट आणि येनेफर लवकर म्हातारे होत नाहीत, त्यामुळं चेहऱ्यावरूनही काळ ओळखता येत नाही. सिरीचा धागा काही दिवसांचा, गेराल्टचा तीसेक वर्षांचा, येनेफरचा पन्नासच्या वर. तिन्ही एकाच वेळी चालू आहेत असं धरून बघितलं तर डोकं फिरणारच.

असं काहून केलं, त्यालाही कारण आहे. आंद्रेई सापकोवस्की या पोलिश लेखकाच्या सुरुवातीच्या लघुकथा गेराल्टच्या आहेत. सिरी त्यात नंतर येते आणि येनेफरचं बालपण तर पुस्तकात जवळजवळ नाहीच. मालिकेला तिघंही पहिल्या सीझनपासून हवे होते. मग ज्याची कथा जिथून सुरू होते तिथून उचलली आणि तिन्ही एकत्र विणल्या. विणायला हरकत नव्हती. गाठ कुठं मारली ते दाखवायला हवं होतं.

आणि इथंच “आपल्याला जमत नाही” हे बोलणं खटकतं. श्रावणात गावोगाव लागणारी नवनाथांची पोथी घ्या. 40 अध्याय. कथा मच्छिंद्रनाथांवरून गोरक्षनाथांवर जाते, कुठल्या कुठं फिरते, स्त्रीराज्यात जाते. ऐकणारी म्हातारी कधी हरवते का? नाही. कारण नवा अध्याय लागला की मागच्या अध्यायी काय झालं ते पोथी आधी सांगते, मग पुढं जाते. कीर्तनकार आख्यान मध्येच थांबवून दृष्टांत देतो तेव्हाही परत येताना आठवण करून देतो, टाळकऱ्यांना तेवढाच दम. वेताळाच्या गोष्टीत राजा बोलला की वेताळ झाडावर परत, म्हणजे एक गोष्ट संपली हे पोराटोरालाही कळतं. गोष्टीत गोष्ट ऐकायची सवय आपल्या कानांना जुनीच आहे. या मालिकेत ती खूण करणारं कुणी नाही.

पैठणचं तर विचारूच नका. परंपरा सांगते की गुणाढ्यानं बृहत्कथा पैशाची भाषेत लिहिली, 7 लाख श्लोक, तेही स्वतःच्या रक्तानं, आणि प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाकडे पाठवली. राजानं भाषा बघूनच नाक मुरडलं. मग गुणाढ्य रानात एकेक पान वाचून अग्नीत टाकत बसला, जनावरं चारा सोडून रडत ऐकत राहिली. राजा धावत आला तोवर 6 लाख श्लोक जळाले होते. उरलेल्या लाखाच्या परंपरेतून पुढं 11व्या शतकात काश्मिरात सोमदेवाचा कथासरित्सागर झाला, वेताळाच्या गोष्टीही त्यातच. थोडक्यात, फँटसीला न वाचता नापास करण्याचा मान आपण फार आधी मिळवलाय!

‘विचर’चंही काहीसं तसंच झालं. एका मोठ्या अमेरिकी मासिकाच्या परीक्षणात मधले भाग सोडून थेट पाचव्यावर उडी मारली आणि नापासाचा शेरा देऊन मोकळे झाले. जिच्या सालांचा उलगडा चौथ्या भागात होतो ती मालिका मधून वगळून बघायची, म्हणजे पुरणपोळी सोलून खाण्यातला प्रकार.

आता बघायचं कसं. एक कागद घ्या, तीन रकाने पाडा. गेराल्ट, येनेफर, सिरी. प्रत्येक भागात कोणता राजा किंवा राणी जिवंत आहे एवढंच लिहा, बाकी काही नको. पहिल्याच भागात ब्लाविकेनच्या धाग्यात सिंट्राची राणी कॅलँथेनं नुकतीच पहिली लढाई जिंकल्याचा उल्लेख येतो. त्याच भागात सिरीच्या धाग्यात कॅलँथे तिची आजी आहे, आणि मरते. इथं कागदावर पहिली फुली. तिसऱ्या भागात गेराल्टच्या धाग्यात टेमेरियाचा राजा फोल्टेस्ट चांगला पोक्त माणूस आहे, आणि येनेफरच्या मेजवानीत हाच फोल्टेस्ट बहिणीबरोबर छोटं पोरगं म्हणून दिसतो. जेमतेम काही सेकंद. मोबाइल खाली-वर करत बघणाऱ्याला हे दिसत नाही. दुसरी फुली.

चौथा भाग लागला की पहिल्या भागात मेलेली कॅलँथे रक्तानं माखलेल्या चिलखतात दरबारात येते. साल 1249. तिच्या मुलीचं, पावेट्टाचं, लग्न ठरवायचं चाललंय, सिरी अजून जन्मालाही आली नाही. गेराल्ट पावेट्टाच्या प्रियकराचा, डूनीचा, जीव वाचवतो. उपकाराच्या बदल्यात काय हवं, असं डूनी विचारतो. गेराल्ट कंटाळून म्हणतो, तुझ्याकडं जे आहे पण तुला ठाऊक नाही ते दे. तेवढ्यात पावेट्टाला उलटी होते. सगळा दरबार गप्प. तेच मूल म्हणजे सिरी. काहींना असं न बघितलेलं मागून घेण्याचा हा कायदा अतर्क्य वाटला, ‘असा कुठं नियम असतो का’. अहो, घरी गेल्यावर जे आधी सामोरं येईल ते देईन असं बोलून पोटचं लेकरू गमावणारा राजा आपल्या आजीच्या गोष्टीत असतोच की.

हा झटका घालवायचा नसेल तर सालाच्या क्रमानं भाग लावण्याच्या फंदात पडू नका. सातव्या भागात कथा पुन्हा सिंट्राच्या पाडावावर येते आणि धागे जुळायला लागतात. नेटफ्लिक्सनं नंतर सालांचा नकाशा वेगळा काढला. म्हणजे गोंधळ त्यांनाही मान्य होता.

हिंदी आवाजात बघत असाल तर एक काळजी. डबिंगचं वाक्य ओठांच्या हालचालीला जुळवून लिहितात, सबटायटल वेगळं लिहितात, म्हणून दोन्हींचे शब्द जुळत नाहीत. नावांसाठी पहिले चार भाग सबटायटल चालू ठेवाच. तिसऱ्या भागातली स्ट्रिगा या राक्षसिणीची रात्र फार काळोखी आहे. “अंधारच दिसला” म्हणणाऱ्यांच्या टीव्हीवर बहुतेक वीजबचतीचा मोड चालू असतो, किंवा समोरची ट्यूबलाइट काचेत दिसत असते. तो मोड बंद, पिक्चर ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’वर, ट्यूब बंद आणि पाठीमागं लहान दिवा. ब्राइटनेस वाढवून भागत नाही, काळा रंग नुसता राखाडी होतो. मोबाइलवर बघणाऱ्यांनी वायफाय असेल तिथं दोन-दोन भाग उतरवून ठेवावेत, रोजचा डेटा अर्ध्या लढाईत संपतो.

‘विचर’चे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची तक्रार वेगळी, गेराल्टच्या पाठीवर दोन तलवारी का नाहीत. माणसांसाठी पोलादी, राक्षसांसाठी चांदीची. पुस्तकात चांदीची घोड्यावरच असते, त्यामुळं ही तक्रार टिकत नाही.

सिरीला जंगलात उगाच फिरवलं, ही मात्र टिकते. तिच्या वाट्याला भाग जास्त आणि घटना कमी आल्या. सहाव्यातली ड्रॅगनची शिकार फिकी आहे. उलट ब्लाविकेनच्या बाजारातली झुंज पुन्हा बघा. कट कमी असल्यानं कुठला वार कुणाला बसला ते दिसतं. येनेफरचा सावत्र बाप डुकराला दहा मार्क मागतो आणि पोरगी चारात देतो, तिथं जादू काहीच नाही. पण तिचा पुढचा सगळा हट्ट त्या चार मार्कांतून येतो.

सिंट्रा बुडवणाऱ्या निल्फगार्डच्या सैनिकांचं सुरकुतलेलं काळं चिलखत बघून जगभर हसले, ते हसणं रास्त होतं. दुसरा सीझन (17 डिसेंबर 2021) सरळ एकाच काळात चालतो, तिथं कागद लागत नाही. फक्त ते चिलखत तिथं बदललंय, नाहीतर नवी फौज आली समजून परत गोंधळाल.