सांगलीकर दादा, काढला शेवटी वजनकाटा

सांगलीकर दादा, तुमची कॉमेंट मंगळवारी रात्री वाचली आणि खरं सांगते, आधी रागच आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा शेवटच्या दोन ओळी नीट दिसल्या आणि राग कुठल्या कुठं गेला, मग सगळं मोजून बघत बसले म्हणून उत्तराला आठवडा लागला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की ४६ व्या वर्षी पळायला लागले, साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढते, डाएट-बिएट काही नाही, आमची आजी खायची तेच भाकरी-आमटी-ठेचा खाते आणि झकास आहे. त्यावर दादांनी लिहिलं की ताई, हे सगळं गरिबीचं कौतुक आहे, तुमची आजी दिवसभर रानात राबायची आणि तुम्ही पतसंस्थेत खुर्चीत बसता, भाकरी-ठेच्यात प्रोटीन किती ते कधी मोजलंय का, आम्ही तालमीत दूध-तूप-बदाम खाऊन अंग कमावलं, आणि आजच्या काळात प्रोटीन पावडर घेतल्याशिवाय काही होत नाही. आणि शेवटी लिहिलं, "आमच्या सौ. तुमची पोस्ट वाचून महिनाभर रात्री नुसती भाकरी आणि ठेचा खातायत, परवा कृष्णेच्या घाटावर चालताना चक्कर येऊन खाली बसल्या."

हे वाचून मला कसंतरीच झालं. वहिनींना आता कसं आहे ते आधी कळवा.

तर मोजलं का, या प्रश्नाचं उत्तर असं की नव्हतं मोजलं. पोस्ट लिहिली तेव्हा नाहीच. मग बुधवारी सकाळी लेकीचा केकसाठी आणलेला डिजिटल काटा ओट्यावर मांडला आणि दिवसभर घरात माझी टिंगल झाली. एका भाकरीला ज्वारीचं पीठ किती घेते? मला वाटायचं मूठभर, काट्यावर आलं ७२ ग्रॅम. ज्वारीत शंभर ग्रॅमला साधारण दहा ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे भाकरीमागं सात ग्रॅम, हे काय वाईट नाही, भाकरीला उगाच कुणी नावं ठेवू नयेत. पण आमटी! चार माणसांच्या आमटीला मी तूरडाळ घेतली साठ ग्रॅम. माणशी पंधरा. त्यात प्रोटीन जेमतेम तीन ग्रॅम, बाकी पाणी, कोथिंबीर आणि फोडणीचा वास. आणि गंमत पुढंच आहे, मी वाढताना बघितलं तर पोराला आणि ह्यांना पळी तळातून ढवळून वाढते, पोराला परत, ह्यांना परत, आणि माझ्यापर्यंत येईतो भांड्यात पिवळं पाणी. ते तीन ग्रॅम तरी माझ्या वाट्याला आले का देव जाणे.

दिवसभराचं सगळं मिळून, पोहे, दोन चहा, डब्यातल्या दोन पोळ्या-भाजी, थोडा भात, रात्रीची दीड भाकरी, पिठलं, ताक, बेरीज आली ३६-३७ ग्रॅम. माझं वजन ५८ किलो. आपल्याकडं आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) सांगितलेलं साधं, न पळणाऱ्या माणसाचं प्रमाण किलोला ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे मला ४८ तरी पाहिजे. पळणाऱ्या, व्यायाम करणाऱ्या माणसाला साधारण १.२ पासून पुढं धरतात, म्हणजे सत्तरच्या आसपास. मी निम्म्यावर चालले होते आणि वर पोस्ट लिहून लोकांना शहाणपण शिकवत होते. फेब्रुवारीत माझा गुडघा दुखत होता, केस गळत होते, हिमोग्लोबिन ९.८ आलं होतं, ते मी त्या पोस्टमध्ये लिहिलंच नाही, कारण मी ते वयावर ढकललं होतं आणि खाण्याशी त्याचा काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. असो. तुमचा हा मुद्दा शंभर टक्के मान्य.

आजीचा मुद्दा तर तुम्ही म्हणता त्याच्याहून जास्त खरा आहे. आजी खटावची, दुष्काळी पट्ट्यातली. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची ती पोरांसाठी पदरात बांधून आणायची. मला आठवते ती म्हातारपणातली आजी, सगळ्यांची जेवणं झाली की चुलीपाशी बसून कोरड्यासाचं (कालवणाचं) भांडं पुढ्यात घ्यायची आणि भाकरीच्या तुकड्यानं आतून पुसून पुसून खायची, भांडं घासल्यासारखं लख्ख व्हायचं. मी त्याच्यावर "साधं सात्त्विक जेवण" असं लिहिलं. साधं कसलं, उरलेलं होतं ते. तिला आवडीनिवडी होत्या, अंडं तिला फार आवडायचं, पण घरात अंडं पुरुषांना आणि बाळंतिणीला. हे मला माहीत होतं हो, पण लिहिताना भाकरीचा खमंग वास आला आणि बाकीचं विसरले.

पण दादा, आता माझं पण ऐका.

पावडरीशिवाय होत नाही हे मला मान्य नाही. मी घेऊन बघितलीय. इथल्याच एका जिममध्ये ट्रेनरनं पहिल्याच आठवड्यात चार हजारांचा डबा गळ्यात मारला, वजन-उंची सोडून काही विचारलं नाही, मी काय खाते ते सुद्धा नाही. पंधरा दिवस पोट फुगलेलं, मग तो डबा फ्रीजवर जाऊन बसला. विष नाही ते, त्या डब्यातलं व्हे म्हणजे चीज करताना राहणारं दुधातलं पाणीच असतं वाळवलेलं, एका स्कूपला चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रोटीन मिळतं, ज्याला खरंच जेवण जमत नाही त्याला सोय म्हणून ठीक. पण चोवीस ग्रॅम म्हणजे चार अंडी झाली, आणि चार अंड्यांचा भाव सातारच्या मंडईत काय आणि तुमच्या सांगलीत काय, आपल्या दोघांनाही माहितीय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात तर अंग कमवायला प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच लिहिलंय.

त्याच कागदात एक ताट दिलंय, ते मला फार उपयोगी पडलं. दिवसाला दोन हजार कॅलरीच्या हिशोबानं धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (अंडी-मांस खाणाऱ्यांचं तेही यातच) ८५ ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिली, शेंगदाण्यासारखे दाणे ३५ आणि तेल-तूप २७ ग्रॅम. सगळं कोरडं, कच्चं वजन. बाकी सोडा, पहिले दोन आकडे बघा, तीन भाग धान्याला एक भाग डाळ. माझ्या घरात काय होतं? दिवसाला पीठ-पोहे-तांदूळ मिळून २७० च्या आसपास आणि डाळ-बेसन मिळून तीस. नऊला एक! माझ्या ताटातला घोळ एवढाच होता, आणि मला वाटतं आपल्याकडच्या बऱ्याच घरांत हाच आहे. भाकरी मोठी आणि कोरड्यास तोंडी लावायला. तोंडी लावणं हा शब्दच बघा की.

मग मी काय बदललं? अर्धी भाकरी कमी केली. आमटीची डाळ साठवरून सव्वाशे ग्रॅम केली, आता ती पळीवरून ओघळते, आधी उडी मारायची. रात्री ठेचा आहेच पण त्याच्याबरोबर मटकीची नाहीतर वाघ्या घेवड्याची उसळ, वाटीभरून, आणि आधी माझ्या ताटात. घेवडा आमच्या कोरेगावकडचा, त्याला जीआय मानांकन (त्या भागाचीच खासियत म्हणून मिळतं ते) पण आहे, राजम्याच्याच जातीचा पण लवकर शिजतो आणि चव विचारू नका. सकाळी दोन अंडी, म्हणजे बारा ग्रॅम. दुपारी दही. संध्याकाळी पाचला जो बिस्किटाचा पुडा फुटायचा त्याच्या जागी मूठभर भाजके शेंगदाणे, पंचवीस ग्रॅम मोजून, त्यात सहा ग्रॅम प्रोटीन. मोजून म्हणते कारण शेंगदाण्यात निम्मं तेल असतं, पिशवी घेऊन टीव्हीपुढं बसलं की मी दीडशे ग्रॅम सहज संपवते, अनुभव आहे. रात्री कपभर दूध. आता बेरीज पासष्टच्या पुढं जाते. यातली एकही गोष्ट अशी नाही जी मला ऑनलाइन मागवावी लागली.

धान्य आणि डाळ एकत्र खायचं कारण पण आहे, ज्वारी-बाजरी-गव्हात लायसिन नावाचा प्रोटीनचा एक घटक कमी असतो तो डाळीत भरपूर, आणि डाळीत जो कमी असतो तो धान्यात असतो, एकमेकांचं उणं भरून निघतं. भाकरी-आमटी ही जोडी चांगलीच आहे, मी फक्त आमटीला जोडीत घेतच नव्हते.

आता तालीम. तुमच्या जोर-बैठकांना माझा नमस्कार, मस्करी नाही करत, पहाटे चारला उठून लाल मातीत हजार बैठका मारणाऱ्याला दूध-तूप-बदाम पचतात आणि पाहिजेतच. पण तुम्हीच लिहिलंय की तालीम सुटून वीस वर्षं झाली आणि वजन आता ९४ आहे. खुराक सुटला का मग? माझे एक मामा पैलवान होते, कुस्ती सुटली, थंडाई सुटली नाही, पन्नाशीत शुगर आणि बीपी दोन्ही. आणि फिट म्हणजे दांडगा, हे पण जरा बाजूला ठेवू या. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते ५७ किलोच्या गटात, माझ्यापेक्षा एक किलो कमी! आणि पळण्यात म्हणाल तर माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली. ही सगळी माणसं याच मातीतली, माणचा दुष्काळ काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

"या वयात पळून गुडघे घालवाल" असंही तुम्ही लिहिलंत, त्याला उत्तर देत नाही. सप्टेंबरात साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला या, घाटाच्या पहिल्या वळणावर भेटू.

तेलाबद्दल मात्र तुम्ही मला पकडलंत. "ठेच्याला जरासं तेल" असं मी लिहिलं होतं, तुम्ही विचारलंत जरासं म्हणजे किती. बाटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवली, जरासं म्हणजे १८ ग्रॅम निघालं. चौघांत महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो आमचा, म्हणजे माणशी दिवसाला चाळीस मिलीच्या वर, आणि हे बाहेरचं वडापाव-मिसळ सोडून. आता तीन लिटरवर आणायचं ठरवलंय, आषाढात तळण होतं त्याला मी काय करू.

आता वहिनींचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच मी वर लिहायला पाहिजे होतं. चक्कर आली तर आधी डॉक्टरकडं जा, हिमोग्लोबिन, शुगर, बीपी बघून घ्या, माझ्या किंवा कुणाच्याही पोस्टवरून काही ठरवू नका. किडनीचा काही त्रास असेल तर प्रोटीन पण मनानं वाढवायचं नाही, डॉक्टरला विचारूनच. आणि रात्री नुसती भाकरी-ठेचा आजपासून बंद, हे मी सांगितलंय म्हणून सांगा. माझं हिमोग्लोबिन ९.८ होतं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, पण दोन गोष्टी सांगितल्या त्या इथं लिहिते: जेवणाला लागून चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही, तास-दीड तास जाऊ दे, आणि पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळायचं, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. मी तर जेवण झालं की ताट उचलायच्या आधी चहा टाकणारी बाई, तेच आधी बंद केलं. सकाळी उपाशीपोटी फिरायला जात असतील तर अर्धं केळं नाहीतर दोन खजूर खाऊन जाऊ देत, मी घाटाला जाताना राजगिऱ्याचा लाडू खाते, पहाटे पाचला दुसरं काही घशाखाली उतरत नाही.

जुन्या पोस्टमधून "आजी खायची तेच" हे वाक्य मी काढलेलं नाही, तसंच ठेवलंय, पण त्याच्याखाली या उत्तराची लिंक आणि वरचे आकडे टाकलेत, म्हणजे अजून कुणाच्या घरी ठेच्यावर महिना काढायला नको.

वहिनींचा रिपोर्ट आला की कळवा, आणि त्यांना म्हणावं नंबर माझ्याकडं मागून घ्या, उसळीचं आम्ही बायका बायका बघून घेऊ. तुम्ही तेवढं तुमच्या घरच्या भडंगाचं तेल मोजून इथं लिहा. बाटली काट्यावर ठेवून, आधी आणि नंतर. जरासं चालणार नाही.