गोळी तीच, सोसणं वेगळं

आमच्या आत्याला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर कॅपेसिटाबीनच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच सायकलमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पहिल्या फेरीत, तोंड इतकं सोलवटलं की वरणाचं पाणीसुद्धा झोंबायचं. तळपायांची सालं निघाली, पांढऱ्या पेशी घसरल्या, ॲडमिट करावं लागलं. सुदामानगरातलेच एक काका याच गोळ्या घेऊन रोज सकाळी पोहे-जिलेबी आणायला जातात. (इंदूरचा माणूस, केमोतही पोहे सुटायचे नाहीत.)

आत्या म्हणाली, "माझं नशीब." असेल. पण या गोळीचं शरीरात ५-एफयू हे केमोचं औषध होतं आणि त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त डीपीडी हे एन्झाइम मोडून टाकतं. ते बनवणाऱ्या डीपीवायडी जनुकात दोष असला, तर औषध अंगात साचतं. युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्येच उपचाराआधी तपासणीची शिफारस केली. दोष अर्धवट निघाला तर डोस साधारण निम्म्यावरून सुरू करतात.

मग तीच तपासणी इथे आणली की झालं? इथेच तर गोम आहे. त्यात या जनुकाची जी चार ठरावीक रूपं बघतात, ती मुख्यतः युरोपीय लोकांच्या अभ्यासातून आलेली. आपला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. दुसऱ्या एका औषधाचंही असंच झालं. ल्युकेमियावरचं (रक्ताच्या कॅन्सरवरचं) ६-मर्कॅप्टोप्युरीन १९५३ पासून वापरात आहे. आशियाई रुग्णांना ते इतकं का बाधतं याचा मोठा धागा, एनयूडीटी१५ हे जनुक, २०१४ च्या सुमारास हाती लागला. साठ वर्षं!

या औषधांची पेटंटं कधीच संपलीत. ती कोणी घेऊ नयेत हे शोधायला कुठली कंपनी खिशात हात घालेल? पैसा सरकारचाच लागणार. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने १०,००० निरोगी भारतीयांचे जीनोम, म्हणजे जनुकांचा सगळा आराखडा, वाचले, जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांना खुला झाला. उत्तम काम. पण निरोगी माणसाला केमो सोसली की नाही, हे त्यात कुठून कळणार? त्यासाठी रुग्णाचं रक्त हवं आणि सोबत प्रत्येक सायकलची नोंद: डोस किती, त्रास कधी, गाठ कमी झाली का. आज ती नोंद साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेल्या कागदांत असते.

इंदूरच्या कुठल्याही कॅन्सर ओपीडीच्या रांगेत मराठी, माळवी, सिंधी, बोहरी, झाबुआकडचे भिल्ल शेजारीशेजारी बसलेले दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच लग्नं, म्हणजे जनुकांची रूपंही वेगवेगळी असणार. अभ्यासाला आणखी काय हवं? मशीनला देणगीदार मिळतो, पाटी लागते. पाच वर्षं नोंदी ठेवणाऱ्या मुलीच्या पगाराला कोणी मिळत नाही. अनुदान तिथे द्या.

"आधी सगळ्यांना केमो तर मिळू दे," असं आमचा दादा म्हणतो. आत्याच्या ॲडमिशनचं बिल त्यानेच भरलं, तरी!

तोवर, घरात कोणाला ५-एफयू किंवा कॅपेसिटाबीन सुरू होणार असेल तर डॉक्टरांना डीपीवायडी तपासणीबद्दल जरूर विचारा. मनाने गोळ्या बंद मात्र करू नका.