थेंबे थेंबे टँक रिता

फिश टँकच्या कॅबिनेटखालून ओघळ आलेला दिसला की घाबरायचं नाही. फडकं घ्या, फरशी पुसा, दार लावून टाका. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओल दिसली तर कामाच्या मावशींना विचारा, बादली कुठे ठेवली होती म्हणून. तिसऱ्या दिवशी पावसावर ढकला. नाशकात गंगापूर रोड असो की सिडको, जुलैत भिंती ओल धरतातच. असा एक आठवडा सहज निघतो, आणि कॅनिस्टर फिल्टरची, म्हणजे टँकखाली कॅबिनेटमध्ये बसणाऱ्या आणि नळ्यांनी टँकला जोडलेल्या पाणी गाळायच्या बंद डब्याची, गळती मुरायला आठवडा पुरतो.

हिशोब करायचा मोह होईल, तो आवरा. सेकंदाला एक थेंब पडतोय आणि 20 थेंबांचा 1 मिलीलिटर होतो असं धरलं, तर दिवसाला 4 लिटरच्या वर पाणी जातं. 3 फूट लांब, 1 फूट रुंद टँकची पातळी त्याने रोज दीड सेंटिमीटर उतरते. तुम्ही मात्र "आटतंय" म्हणत वरून तांब्या ओतत राहा. भर पावसाळ्यात पाणी एवढं आटतं कसं, हा प्रश्न घरातल्या लहान मुलांनाच पडतो. खालचं कॅबिनेट पार्टिकल बोर्डचं असेल तर ते एव्हाना कडेने पावासारखं फुगलेलं असेल. फुगलेला बोर्ड वाळवून पुन्हा बसत नाही, आणि पाणी, काच, वाळू धरून दीडशे किलोच्या वर वजन त्याच्यावर उभं असतं. पण सनमायका अजून चकचकीत आहे ना, मग झालं.

गोदावरीचा पूर आपण नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. कॅबिनेटमध्येही तसाच एक मारुती हवा, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पसरून ठेवा. पाणी बोर्डाच्या कमरेला लागलं की धोक्याची पातळी कळते. वायर फिल्टरपासून बोर्डापर्यंत उतरती, सरळ न्यायची, म्हणजे थेंबाला वाटेत अडथळा नको. काही भित्री माणसं बोर्ड कॅबिनेटच्या भिंतीवर वर स्क्रूने बसवतात आणि वायरला खाली झोळ देऊन मग प्लगकडे चढवतात. त्यांचा थेंब झोळाच्या टोकावरून खाली पडतो, सॉकेटपर्यंत पोचतच नाही. लाइनला 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबीही, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतात. बोर्ड ओला असेल तर प्लगला हात लावण्याआधी मेन स्विच पाडतात. एवढा जीव प्यारा असणाऱ्यांनी मासे पाळूच नयेत.

बटण बंद केलं म्हणजे पाणीही बंद झालं, यावर ठाम विश्वास ठेवा आणि शनिवार-रविवार त्र्यंबकला जाऊन या. कॅनिस्टर टँकच्या खाली असतो. पाणी त्यात मोटरने नाही, वजनाने उतरतं, मोटर फक्त ते वर परत पाठवते. त्यामुळे वीज गेली तरी गळती चालूच राहते, थेट इनलेटची, म्हणजे टँकमधून पाणी खाली आणणाऱ्या पाइपची, जाळी उघडी पडेपर्यंत. जाळी तळापासून 2 इंचांवर असेल तर माशांना 2 इंच पाणी उरेल. तेवढ्यात पोहता येतं की. जाणते लोक आधी दोन्ही नळ्यांवरच्या तोट्या बंद करतात. शिवाय इनलेटच्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली 2 इंचांवर 3 मिलिमीटरचं भोक पाडून ठेवतात. पातळी भोकापर्यंत उतरली की हवा शिरते, धार तुटते, आणि विसर्ग तेरा-चौदा लिटरवर थांबतो. मोठ्या पुरासाठी तेवढं धरण पुरतं, पण मग फरशीवर रामकुंड झाल्याचं सुख हुकतं.

आता गळती शोधायची. म्हणजे शोधायची नाही, ठरवायची. कॅनिस्टर उचला, बूड ओलं लागलं की "बुडाला चीर गेलीय" असं जाहीर करा आणि त्यावर एम-सील थापा. पाणी वरून खाली वाहतं हा नियम विसरा. वरच्या जोडणीतून निघालेला थेंब डब्याच्या पोटावरून ओघळत बुडाशी येतो, तिथे लोंबकळतो आणि तिथूनच पडतो. तुम्हाला पडणारी जागा दिसते, निघणारी दिसत नाही. ती दिसावी म्हणून लोक काय काय करतात बघा. फिल्टर पूर्ण कोरडा पुसतात, कोरड्या टबात ठेवतात, प्रत्येक जोडणीला, हेडच्या म्हणजे डब्याच्या झाकणाच्या कडेला आणि तोट्यांच्या मुळाशी टिश्यू पेपरच्या पट्ट्या गुंडाळतात. मग चालू करतात आणि आधी कुठली पट्टी काळपटते ते बघत बसतात. एक तास चालू ठेवून, एक तास बंद ठेवून. बंद ठेवूनसुद्धा!

या बंद ठेवण्याच्या वेडामागे एक कारण आहे, ते कळलं तर गळती सापडेल, म्हणून हा परिच्छेद वाचू नका. मोटर हेडमध्ये बसते. चालू असताना ती डब्यातलं पाणी ओढते, म्हणजे डब्यातला दाब उलट कमी होतो. दाब वाढतो तो तिच्या पुढे, आउटलेटच्या जोडणीत आणि परतीच्या नळीत. म्हणून फक्त चालू असतानाच ठिबकत असेल तर संशय आउटलेटवर. बंद केल्यावर ठिबकायला लागलं किंवा वाढलं, तर हेडचं सील किंवा इनलेटची बाजू. आणि चालू असताना गळत नाही, पण आउटलेटमधून बुडबुडे येतात, फिल्टर खडखडतो, तेव्हा तीच फट पाण्याऐवजी हवा आत घेत असते. एकाच भोकाची दोन तोंडं. दुतोंड्या म्हणतो ते उगीच नाही.

बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांना देव आणखी एक पुरावा देतो. गळती जुनी असेल तर ती वाळते तिथे पांढरी, खरखरीत रेघ उमटते. ही क्षारांची रेघ बोटाने वर वर चाचपत गेलात की बरोबर उगमाशी नेते, जणू गोदावरीच्या ब्रह्मगिरीवर. त्यामुळे ती पहिल्याच दिवशी व्हिनेगर लावून घासून काढा. फिल्टर स्वच्छ दिसायला हवा.

सगळं करूनही गळती हेडच्या ओ-रिंगपाशीच येऊन थांबली, तर वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांची तिथेच येते. हेड उघडल्यावर खाचेत एक काळी रबरी रिंग दिसेल. ती काढू नका, वरूनच टॉवेलने पुसा. काढलीत तर फार काही दिसेल: खाचेत चिकटलेला जावा मॉस या पाणशेवाळाचा केसासारखा धागा, वाळूचा एक कण, गोगलगायीच्या कवचाचा तुकडा. यातलं काहीही एक पुरतं. रिंग दाबली जाते ती मिलिमीटरभर, आणि वाळूचा कण त्या जागेत उभा राहिला की त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याला वाट मिळते. खाच कानाच्या बड्सने पुसायची, रिंग साध्या पाण्यात धुऊन बोटांत फिरवत बघायची. नखाने लागणारा काप, एका जागी पडलेली चपटी बाजू, ताणल्यावर दिसणाऱ्या बारीक भेगा. रिंगचं रबर मुळात सगळीकडून गोल असतं. काढल्यावरही रिंग एका बाजूने चपटी राहिली तर तिचा जोर संपलेला असतो. गरम पाण्यात भिजवून, उलटी करून ती एखादा आठवडा ओढते. त्या एका आठवड्यालाच आपण "दुरुस्त झालं" म्हणायचं असतं.

रिंगला काय लावायचं? घरात व्हॅसलीन आहेच. ते लावा, भरपूर लावा. पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचं रबर फुगतं आणि मऊ पडतं, महिनाभराने रिंग खाचेपेक्षा लांब होऊन एका बाजूने बाहेर डोकावते. हेड बसवताना तीच बाजू चिमटीत सापडते आणि कापली जाते. सिलिकॉन ग्रीस लागतं मटारच्या दाण्याएवढं, बोटांत चोळून रिंगवर फक्त चमक येईल इतकं. पण ते विकत आणायला लागतं. व्हॅसलीननेही भागलं नाही तर टेफ्लॉन टेप आहे. टेप आट्यांसाठी असतो आणि ओ-रिंगला आटे नसतात, हे त्याच्या गुंडाळीवर कुठे लिहिलंय?

रिंग बदलायचीच असेल तर सिंहस्थाचा मुहूर्त धरा, बारा वर्षांतून एकदा. कंपनीची, त्याच मॉडेलची रिंग मागवणं हा सरळ मार्ग, म्हणून तो सोडा. नाशिककरांकडे दुसरा मार्ग असतो: प्रत्येकाचे एक भाऊजी अंबडला नाहीतर सातपूरला कंपनीत असतात. त्यांना फोनवर सांगा, "ताटलीएवढी रिंग आण, जरा जाड." भाऊजींनी वर्निअरने मोजायला जुनी रिंग मागितली तर देऊ नका. आतला व्यास आणि रबराची जाडी, दोन्ही मापं लागतात. जाडीत अर्धा मिलिमीटर कमी पडला तर रिंग दाबलीच जात नाही, जास्त झाला तर क्लिपा लागत नाहीत. आणि वाळलेल्या, ताणलेल्या जुन्या रिंगवरून मापं चुकतात, म्हणून ती खाचेवरूनही पडताळावी लागतात. एवढं कोण करतं? बारीक आली तर जुनीवर नवी चढवा, दोन रिंगा म्हणजे दुप्पट सील.

हेड बसवायच्या आधी डब्यातल्या बास्केटमध्ये अजून अर्धा किलो सिरॅमिक रिंगा, म्हणजे जिवाणू राहतात ते तुकडे, कोंबा. सगळ्यात वरची बास्केट काठाच्या वर 2 मिलिमीटर आली की हेड तिच्यावर टेकतं, ओ-रिंगवर नाही. मग एका बाजूची क्लिप जोर लावून बंद करा आणि समोरचीवर गुडघा ठेवा. समोरासमोरच्या क्लिपा एकाच वेळी, तळहाताने हेड दाबून बंद केल्या तर रिंग सगळीकडून सारखी दबते, आणि क्लिपचं प्लास्टिकचं कान तुटत नाही. कान तुटल्यावर सुतळी आहेच.

नळ्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नळीचं टोक कडक, पिवळं पडून सैल झालं असेल तर ते 2 सेंटिमीटर कापून, टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवून, तळापर्यंत दाबून बसवलं आणि नट आवळला की झालं. पण तुमच्याकडे बांधायची तार आहे. प्रवाह जास्त वाटला तर इनलेटची तोटी अर्धी बंद करा. मोटर उपाशी राहते, हवा ओढते, करकरते, तेवढंच घरात जाग. आउटलेटची तोटी थोडी आवळायची पद्धत फार शांत आहे. तोट्यांच्या जोडावरही बारक्या दोन-तीन ओ-रिंगा असतात हे कोणाला सांगू नका. हेडची रिंग चार वेळा बदलून झाल्यावर त्यांची आठवण यायला हवी.

एवढ्या खटपटीत फिल्टर दोन दिवस उघडा पडला असेल. आतला स्पंज आणि सिरॅमिक रिंगा नळाखाली धरून पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत चोळा. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन माणसांसाठी घातलेलं असतं. अमोनिया खाणारे जिवाणू त्यात मरतात ही त्यांची अडचण. टँकच्याच पाण्याच्या बादलीत हलकेच हिसळून, एअर पंपाची नळी सोडून मीडिया, म्हणजे हा स्पंज आणि रिंगा, जिवंत ठेवता येतो, टँकमध्येही तोवर एअर स्टोन सोडता येतो. पण बादली गळतीखाली लावलेली आहे. त्यापेक्षा बंद डब्यात दोन दिवस आंबलेलं पाणी तसंच ठेवून फिल्टर चालू करा. सडक्या अंड्यासारखा वास आला की समजायचं, माशांना आज नवीन काहीतरी मिळालं.

आणि शेवटी, जेव्हा कशानेच थांबणार नाही, तेव्हा नवा फिल्टर आणा. जुना भाऊजींना द्या. नवा जोडा, डबा आधी पाण्याने भरून, इनलेट उघडून, मग आउटलेट, तिरपा करून हवा काढून, सगळं अगदी पुस्तकासारखं. सकाळी मिसळ खाऊन परत या आणि कॅबिनेट उघडा.

पाणी असेल. तितकंच, त्याच कोपऱ्यात.

डिसेंबरात नाशकात रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली जातो म्हणून टँकमध्ये हीटर सोडलेला असतो, आणि त्याची वायर झाकणाच्या कडेवरून मागे खाली उतरलेली असते. स्प्रे बारचा, म्हणजे परतीचं पाणी सोडणाऱ्या भोकांच्या नळीचा, एक फवारा झाकणाच्या आतल्या बाजूला लागतो, तिथून वायर धरून खाली येतो. ती वायर दोन बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली या. बोटं ओली झाली तर गुपचूप पँटला पुसा, आणि भाऊजींना फोन करून विचारा, जुना फिल्टर त्यांनी कुठे ठेवलाय.