एपिक्युरसचं नाव मेनूकार्डावरून काढा

डोकं फिरलंय माझं. टीम लंचला लोअर परळच्या एका हॉटेलात नेलं, माणशी अडीच हजार कॉन्ट्री, आणि मेनूवर सोनेरी अक्षरात काय तर 'एपिक्युरियन एक्सपिरियन्स'. काळ्या पाटीवर बोटभर रावस, त्यावर कसलातरी फेस, बाजूला हिरव्या चटणीचे तीन थेंब. पोट भरलं नाही ते सोडा, मला संताप आलाय तो त्या शब्दाचा, एपिक्युरसच्या नावावरून आलेला 'एपिक्युरियन', म्हणजे म्हणे शाही, चोखंदळ खाणं. हल्ली टॉवरच्या ब्रोशरमध्ये तोच, केटररच्या पॅकेजमध्ये तोच, इन्स्टावरच्या फूडी लोकांच्या बायोमध्ये पण तोच.

अरे, हा एपिक्युरस कोण होता ते तरी बघा! इसवी सनापूर्वी 341 मध्ये सामोस बेटावर जन्मलेला ग्रीक तत्त्वज्ञ, पुढे अथेन्समध्ये एक बाग घेऊन मित्रांबरोबर राहिला, त्या काळात बायकांना आणि गुलामांनाही सोबत बसवून शिकवायचा. खायचा काय, तर भाकरी आणि पाणी. मित्राला पत्रात लिहितो की चीजचं छोटं मडकं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. ही त्याची मेजवानी! मेनोइकियस नावाच्या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तर सरळ सांगून ठेवलंय की आम्ही सुख म्हणतो ते दारू पिणं नाही, मासे आणि श्रीमंती पंगती झोडणं नाही, शरीराला त्रास नको आणि मनाला घोर नको, बस. मासे नाव घेऊन लिहिलेत हो त्याने!

आणि बदनामी तेव्हापासूनच चालू आहे, विरोधकांनी त्याला खादाड ठरवला, आपल्याकडे चार्वाकाचं तेच झालं, 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' एवढं चिकटवलं की झालं, पुढे कोण वाचतंय.

आमच्या टीममधली नवीन पोरं विरार, बदलापूरहून येतात, महिनाअखेर, रूमचं भाडं डोक्यावर, पण नाही कसं म्हणायचं म्हणून गुपचूप जीपे करतात. एक जण तर बिल येईपर्यंत फोनवर बॅलन्सच बघत होता. मनाला घोर लावून जेवायला घालायचं आणि वर नाव त्याचं? लक्झरी लिहा, फाइन डायनिंग लिहा, महाग आहे असं लिहा ना सरळ! काय खायचं त्याच्या आधी कोणाबरोबर खायचं ते बघा, असं सांगणारा माणूस होता तो. एचआरला मेल टाकलाय, पुढच्या वेळी मी कॉन्ट्री देणार नाही, ज्यांना यायचंय त्यांनी डबा घेऊन पॅन्ट्रीत या.