बदकं मरायची वाट कशाला बघायची?
बर्ड फ्लूवरच्या लेखात म्हटलंय, पक्षी मरायला लागले की नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. कोंबड्यांपुरतं ठीक, त्या पटापट मरतात; २००६ साली नवापूरला मेल्याच की. बदक पुष्कळदा धडधाकट दिसतं, चरत राहतं आणि विष्ठेतून विषाणू सोडत हिंडतं. केरळात कुट्टनाडला कापणीनंतर भातशेतांतून बदकांचे कळपच्या कळप फिरवतात, तिथेच रानपक्षीही उतरतात. या विषाणूचे जनुकीय तुकडे आठ. एकाच बदकात दोन प्रकार शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच निघू शकतो. म्हणून निरोगी कळपांचेही घशाचे नि गुदद्वाराचे स्वॅब घेऊन आठही तुकडे वाचायला हवेत. नुसत्या 'एच५ पॉझिटिव्ह'वरून (एच५ हा या विषाणूचा एक गट) विषाणू आला कुठून, हे कळत नाही. अर्थात विषाणू सापडून कळप मारावा लागला तर भरपाई मिळेल याची खात्री नसेल, तर कुठला बदकवाला आपणहून स्वॅब घेऊ देईल?